जोयड्याची थंडी आणि गॅसची शेगडी

दिवाळी उरकते, तुळशीचे लग्न लागते आणि मुलांच्या नाताळच्या सुटीकडे डोळे लागले, की घराघरांतून सहलींचे बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत बहुधा देवदर्शनाचे असत. हल्ली तरुण मंडळींचा ओढा रानाकडे अधिक आहे, आणि ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. हुबळी, धारवाड, बेळगाव या बाजूच्या मराठी कुटुंबांना रान म्हटले की उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका आठवतो. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते. तालुक्याचे जुने ठाणे सुपा हे काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले होते. धरणाच्या पाण्याखाली ते गेले, ठाणे जोयड्यास आले, आणि विस्थापितांपैकी कित्येकांनी रामनगरास नवे संसार मांडले. आज गणेशगुडीजवळच्या त्या जलाशयाच्या आसपास, अणशीच्या घाटमाथ्यावर, उळवीच्या वाटेवर आणि कॅसलरॉकच्या बाजूस प्रवाशांची वर्दळ असते. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचे. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्यास काळीचेच नाव आहे.

या सहलींच्या सामानात अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे गॅसवर चालणारी, हातात उचलून नेता येणारी लहानशी शेगडी. स्वयंपाकाची नव्हे, शेकण्याची. खाली किंवा बाजूस गॅसचा लहान डबा, वर लालबुंद होणारी जाळी आणि मागे चकचकीत पत्रा, असे तिचे रूप असते. कळ फिरवावी, ठिणगी पाडावी, की दोन मिनिटांत हातांना ऊब लागते. धूर नाही, राख नाही, ओली लाकडे फुंकताना डोळ्यांत पाणी नाही. राखीव जंगलात विस्तव पेटविण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे शेकोटीची हौस अशा रीतीने भागवावी, असेही कित्येकांना वाटते. वस्तू उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु तिच्याविषयी चार गोष्टी कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी नीट समजून घेतल्याखेरीज ती रानात नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि या महिन्याचे हे पान आम्ही त्यासाठीच खर्च करीत आहोत.

प्रथम थंडीचाच विचार करू. जोयड्याकडे मार्गशीर्ष-पौषात रात्रीचा पारा साधारणपणे दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान असतो. इंदूर, ग्वाल्हेर किंवा दिल्लीकडील आमच्या वाचकांना हा आकडा वाचून हसू येईल. तथापि या थंडीचा स्वभाव निराळा आहे. ती कोरडी नाही. जलाशयावरून आणि नदीच्या पात्रातून धुके वर येते, पहाटे झाडांच्या पानांवरून दव पावसासारखे टपटपते, आणि उघड्यावर राहिलेले पांघरूण सकाळी पिळून काढावे इतके ओले होते. ही थंडी बोचते ती ओलाव्यामुळे. अंगावरचे कोरडे राहिले तर ती निरोगी माणसास सहज सोसते. म्हणजे इथे प्रश्न जीव वाचविण्याचा नसून सुखाने झोप लागण्याचा आहे. हा भेद आरंभीच ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा हिशेब त्यावरच अवलंबून आहे.

आता शेगडीतील गॅसकडे वळू. आपल्या घरच्या सिलिंडरात असतो तो प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचा मिलाफ. दाबाखाली ते द्रवरूप असतात आणि बाहेर पडताना त्यांची वाफ होते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होऊ शकतो. ब्युटेनची मर्यादा मात्र शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशापाशी आहे. म्हणून हिमालयात किंवा परदेशातील बर्फाळ मुलखात प्रोपेनच लागतो, तेथे नुसत्या ब्युटेनचा डबा मुका होऊन बसतो. जोयड्यास ही अडचण कधीच येत नाही. तेव्हा ‘अमुकच गॅस हवा’ म्हणून अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. एक मात्र होते. गॅस बाहेर पडत असता डबा स्वतःच गार पडत जातो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी डबा शेगडीपुढे धरून किंवा गरम पाण्यात बुडवून तापविण्याचा मोह कोणी करू नये. वाऱ्यापासून आडोसा म्हणून डब्यासह सारी शेगडी पत्र्याने वेढणे हेही तितकेच घातक. आडोसा करावाच, पण एका बाजूने आणि डब्याला मोकळी हवा ठेवून.

हे दोन्ही वायू हवेहून जड आहेत; प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुप्पट. त्यामुळे गळती झाली तर गॅस वर निघून जात नाही. तो तंबूच्या तळाशी, मोटारीच्या डिकीत, खड्ड्यात साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दर्प मिसळलेला असतो. मूळच्या वायूंना जवळजवळ वासच नसतो. या दर्पामुळे आपल्या घरांतील गृहिणींचे नाक मोठे तरबेज झाले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु नेमकी येथेच फसगत होते. तो दर्प न जळलेल्या गॅसचा. गॅस जळला की दर्पही जळून जातो, आणि जळण्यातून जे निपजते त्याची वर्दी नाक देऊ शकत नाही.

मग जळण्यातून निपजते तरी काय? पुरेशी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होते. म्हणजे बंद तंबूत शेगडी लावणारा माणूस ऊब आणतो त्याबरोबर तंबूच्या कापडावर ओलही धरवितो, आणि शेगडी विझल्यावर तीच ओल गार होऊन पांघरुणावर उतरते. जोयड्याच्या थंडीत शत्रू ओलावा आहे असे वर म्हटले. त्या शत्रूस आपण आपल्याच हाताने आत घेतो.

पण ही झाली किरकोळ तक्रार. खरे संकट हवेचे आहे. लहान शेगडी तासाला सुमारे शंभर ग्रॅम गॅस जाळते, आणि एवढ्या गॅसला जळण्यासाठी सव्वा घनमीटरहून अधिक हवेतील सारा ऑक्सिजन लागतो. तीन माणसे निजतील अशा तंबूत एकंदर हवाच मुळी तीन घनमीटरांच्या आसपास. तंबू घट्ट बंद असेल तर आतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत यायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, आणि निजलेली माणसेही त्याच हवेत श्वास घेत असतात. ऑक्सिजन अपुरा पडला की गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट आवडीने धरून ठेवते. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्त त्याने भरत जाते आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही.

याची लक्षणे फार फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, गरगरते, हातापायांतील त्राण जाते. दिवसभर रान तुडवून आलेल्या माणसाला हे सारे थकव्याचेच वाटते. ‘जरा पडतो’ म्हणून तो आडवा होतो आणि झोप आणखी गाढ होत जाते. ज्या बुद्धीने संकट ओळखायचे तीच प्रथम मंदावते. १९३४ साली अमेरिकेचे दर्यासारंग रिचर्ड बर्ड यांनी दक्षिण ध्रुवाकडील बर्फात पुरलेल्या एका झोपडीत एकट्याने हिवाळा काढला. शेगडीचा आणि विजेच्या यंत्राचा धूर नीट बाहेर जात नसल्याने हाच वायू त्यांना भिनत गेला. ते आजाराने खंगले. बिनतारी यंत्रावरून येणारे त्यांचे संदेश विस्कळीत होऊ लागले, तेव्हा दूरच्या मुख्य तळावरील सहकाऱ्यांना संशय आला, आणि ऑगस्टमध्ये तिघे जण वाट काढीत तेथवर पोहोचले म्हणून ते वाचले. असा कसलेला माणूसही या वायूपुढे हतबल झाला, मग सुटीला निघालेल्या कुटुंबाची काय कथा?

ही कथा दुर्दैवाने आपल्याच देशबांधवांच्या बाबतीत घडली आहे. २०२० च्या जानेवारीत केरळमधील पर्यटकांचा एक गट नेपाळात फिरावयास गेला होता. परतीच्या वाटेवर दामन या उंच आणि थंड ठिकाणी त्यांनी मुक्काम केला. त्यांपैकी आठ जण, चार मोठी माणसे आणि चार मुले, एका खोलीत निजले. थंडी होती म्हणून खोलीत गॅसची शेगडी लावलेली, दारे-खिडक्या आतून बंद. सकाळी दार उघडले तेव्हा आठही जण बेशुद्ध होते. त्यांना हेलिकॉप्टरने काठमांडूला नेण्यात आले, पण एकही जीव वाचला नाही. त्यांत निष्काळजीपणा म्हणावा असे काय होते? थंडी वाजू नये म्हणून मुलांना जवळ घेतले आणि खिडकी लावून घेतली, इतकेच. आपणांपैकी कोणीही आईबाप हेच करील. म्हणूनच ही घटना केवळ हळहळून सोडून देण्याजोगी नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्या आजीच्या काळी काय शेगड्या नव्हत्या? बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी असे, ओवा-बाळंतशेपाची धुरी असे, आणि आम्ही सारे त्याच खोलीत वाढलो.’ शंका रास्त आहे. कोळशाच्या निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो. किंबहुना अधिकच निघतो. परंतु ते घर आठवून पाहावे. वर कौले, कौलांच्या फटींतून दिसणारे आभाळ, भिंत आणि छप्पर यांच्यामधली मोकळी जागा, दारांच्या फळ्यांतून शिरणारा वारा. जोयड्याच्या खेड्यांतील जुन्या घरांत आजही चूल पेटली की धूर कौलांतून वर पाझरताना दिसतो. ते घर स्वतःच श्वास घेत होते. आता प्रवाशांसाठी बांधलेल्या खोल्यांना सिमेंटची स्लॅब आणि काचेच्या घट्ट खिडक्या असतात, आणि नव्या तंबूंच्या कापडातून तर पाणीही आत येत नाही. शेगडी जुनी असो वा नवी, तिच्या भोवतीचे घर बदलले आहे. उत्तरेकडील शहरांत बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यांचे मर्म हेच. आजीची रीत चुकीची नव्हती. आजीचे छप्पर आपल्याकडे राहिलेले नाही.

माघी पौर्णिमेच्या सुमारास उळवीला चन्नबसवेश्वरांची यात्रा भरते. बसवण्णांचे भाचे आणि बाराव्या शतकातील थोर शरण चन्नबसवण्णा यांची समाधी तेथे आहे. धारवाड-बेळगावच्या बाजूने भाविक बैलगाड्या जुंपून या रानातून जातात आणि वाटेत उघड्यावर मुक्काम करतात. गाडीखाली गवत, अंगावर जाड कांबळे आणि कडेने माणसांची दाटी, ही त्यांची व्यवस्था. बंद खोलीतील उष्णता त्यांना ठाऊक नाही आणि तिच्यावाचून त्यांचे अडतही नाही. आपण त्यांच्यापासून एवढे तरी शिकावे, की रात्र काढायची ती अंगातली ऊब राखून. बाहेरून ऊब आणायची तर ती जागेपणी, निजण्यापूर्वी.

तेव्हा शेगडी न्यायचीच असेल तर तिचा मान असा राखावा. ती ओसरीवर, मांडवात किंवा मोकळ्या अंगणात, सपाट दगडावर ठेवावी. कापड, गवत आणि वाळलेला पाचोळा तिच्यापासून निदान एक मीटर दूर असावा. मुलांच्या आणि तिच्यामध्ये एक जाणते माणूस बसावे. डबा जोडताना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहावे. काडी पेटवून कधीही पाहू नये. संध्याकाळपासून जेवणे होईपर्यंत तिने सर्वांचे हातपाय शेकावे. अंथरुणे पडण्यापूर्वी ती विझवावी, कळ बंद करावी आणि निवल्यावर डब्यासह बाहेरच ठेवावी. तंबूत, खोलीत आणि मोटारीत ती पेटवूच नये. ‘पाचच मिनिटे’ म्हणूनही नाही. काही शेगड्यांना ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या सुमारास आला की आपोआप विझण्याची सोय असते. ती सोय चांगली, पण तिच्या भरवशावर निजणे म्हणजे कुंपणाच्या भरवशावर गोठ्याचे दार उघडे टाकण्यासारखे आहे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान यंत्र आता बाजारात मिळते. रानातल्या खोलीत उतरणाऱ्या कुटुंबाने ते सोबत ठेवावे, आणि उतरल्या घरी पाणी तापविण्याचा गॅसचा बंब न्हाणीघरात असेल तर तेथेही खिडकी उघडी आहे ना हे पाहावे.

रिकाम्या झालेल्या लहान डब्यात घरच्या सिलिंडरातून गॅस भरून देणारे लोक काही ठिकाणी भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. तो डबा एकदाच वापरावयाचा असतो, आणि असे भरणे कायद्यास धरून नाही. रेल्वेने जाणाऱ्यांनी तर गॅसचा डबा सोबत घेण्याचा विचारच सोडावा. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे असा ज्वालाग्राही माल डब्यात नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कैदेची गोष्ट बाजूस ठेवली तरी २६ ऑगस्ट २०२३ ची मदुराईची घटना विसरता येत नाही. लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरामुळे आग लागली आणि नऊ जीव गेले.

आता शेगडी विझविल्यावर थंडीचे काय करावे, हे सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. माणसाची बरीचशी ऊब खालची जमीन ओढून घेते, आणि आपण मात्र सारी पांघरुणे वर घेतो. दोन घोंगड्या असतील तर जाड असेल ती खाली अंथरावी, तिच्याखाली वाळका पेंढा किंवा जाड सतरंजी असावी. दिवसाचे घामेजलेले कपडे निजताना बदलावे. पायमोजे कोरडे असावेत, कान आणि डोके झाकलेले असावे. झाकण घट्ट असलेल्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवली, तर शेगडीने होणार नाही इतके सुख लागते. रात्रीच्या जेवणात गरम भाकरी, तूप, गूळ, शेंगदाणे यांना कमी करू नये. मद्याने ऊब येते हा निव्वळ भ्रम. त्वचेकडे रक्त अधिक धावते, गरम वाटते, आणि शरीरातील उष्णता मात्र झपाट्याने बाहेर जाते. तंबूची वरची झडप आणि खोलीची एक खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवावी. त्या चार बोटांतून थंडी येईल, पण आतली ओलही त्याच वाटेने बाहेर जाईल. तान्हे मूल किंवा दम्याचा विकार असलेले वडील माणूस बरोबर असेल, तर तंबूचा हट्ट न धरता गावातील पक्क्या घरी मुक्काम करावा.

आणि एवढे करूनही एखाद्या बंद खोलीत शेगडी जळत असता दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर कारणांचा खल करीत बसू नये. आधी दार उघडावे, माणसांना मोकळ्या हवेत आणावे, शेगडी विझवावी आणि मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच घरातील अनेकांना एकदमच पित्त होत नाही. रानात दूरध्वनी लागेलच असा भरवसा नसतो आणि मोठे रुग्णालय घाटवाटांपलीकडे असते. म्हणून तेथे पहिला वैद्य म्हणजे उघडलेले दारच होय.

असो. जोयड्याचे रान पाहण्यासारखे आहे, आणि आमच्या वाचकांनी मुलाबाळांसह ते अवश्य पाहावे. पहाटे काळीच्या पात्रावर धुके तरंगत असते, मलबारी धनेश पंखांचा मोठा आवाज करीत नदी ओलांडतात, आणि गार वाऱ्याने नाकाचा शेंडा लाल होतो. ती थंडी हा सहलीचाच एक भाग आहे. तिला दाराबाहेर ठेवण्यासाठी वाराही बाहेर ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे. या सुटीत ज्या घरी बेत ठरला असेल, तेथे सामानाची यादी करताना ‘शेगडी’ या शब्दापुढे ‘निजण्यापूर्वी विझवावी व बाहेर ठेवावी’ असे कोणीतरी ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.